जुनी फाइल, नवी विंडोज : मराठी मजकूर का उघडत नाही, याचा इतिहास

(शाहूपुरी, कोल्हापूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हा इतिहास कसा? इतिहास म्हटलं की आपल्याकडे पन्हाळा, ताराराणी, शाहू महाराज. कॉम्प्युटरची फाइल उघडत नाही, ही तर दुरुस्तीवाल्याकडे न्यायची गोष्ट. पण जरा विचार करा. साधारण १९९० ते २०१५ या काळात या गावात जे जे मराठीत छापलं गेलं, म्हणजे स्मरणिका, स्थानिक इतिहासाची पुस्तकं, सहकारी संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह, गौरवग्रंथ, ते सगळं आधी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर टाइप झालं. त्या फाइली कुठेतरी आहेत. सीडीवर आहेत, जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. आणि उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा रोजमेळ न जुळणारा कचरा दिसतो. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात घेऊन वाचता येतं आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, हे का झालं, ते आज बघायचं आहे.

शाहूपुरीत बोलतोय, तर सुरुवात इथूनच करू. १८९५ साली शाहू महाराजांनी ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. त्या काळातला हिशेब, पत्रव्यवहार, दरबारचा कारभार मोडीत. आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत आणि वाचणारे मोजके. शाळेतून मोडी गेली, छापखान्यानं बाळबोध उचलली, आणि दोन-तीन पिढ्यांत वाचणारा डोळाच राहिला नाही. पण एक लक्षात घ्या. मोडीचा कागद ज्याला वाचायचाय, तो चार-सहा महिने शिकतो आणि वाचतो. कागदावर जे आहे ते डोळ्यांसमोर आहे. जुन्या फाँटमधल्या फाइलीचं तसं नाही. तिथे नुसतं शिकून भागत नाही, तिला तोच फाँट, तोच प्रोग्रॅम आणि बऱ्याचदा तीच विंडोज लागते. तीन कुलपं आणि तीन किल्ल्या.

मशीनसाठी मराठीनं स्वतःला वाकवणं हे काही कॉम्प्युटरपासून सुरू झालं नाही. इंग्रजीचे खिळे शंभराच्या आसपास भागतात; देवनागरीला जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार धरून शेकडो लागतात. जुळाऱ्याचा हात त्या घरांवरून फिरून फिरून थकायचा. मग लिपीच सुधारा, असा विचार पुढे आला. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, अि, अी, अु, अू अशी. इथून जवळच्या किर्लोस्करवाडीतून निघालेल्या 'किर्लोस्कर' मासिकानं ती प्रत्यक्ष छापून दाखवली. ते जुने अंक आजही आपण सहज वाचतो. थोडं विचित्र दिसतं एवढंच. माणसाचा डोळा उदार असतो. मशीनचा नसतो.

आता कॉम्प्युटरकडे येऊ.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम झालं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिथे आलं. त्यातून 'जिस्ट कार्ड' हा प्रकार रुळला. कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, आत एक कार्ड बसवायचं, की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटायचं. त्या मराठीमागचा विचार फार शहाणपणाचा होता. फाइलीत अक्षराचं चित्र साठवायचं नाही, अक्षर साठवायचं. 'कि' म्हणजे आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. वेलांटी क च्या डावीकडे काढायची हे काम कार्डाचं. या पद्धतीला 'इस्की' म्हणतात, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली, आयएस १३१९४.

दिसायला मात्र हे मराठी ओबडधोबड. लग्नपत्रिका त्यावर कोण काढणार? आणि नेमकी तेव्हाच विंडोज आली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फाँट आले. पडद्यावर दिसेल तसंच कागदावर येणार! पेजमेकर होतं, लेझर प्रिंटर होते, ट्रेसिंग काढायचं आणि थेट प्लेट करायची. खिळे जुळवणारे छापखाने बघता बघता डीटीपीवर गेले. जिस्ट कार्ड डॉसच्या पडद्यासाठी बनलं होतं. विंडोज आपली अक्षरं आपणच काढते, तिथे त्या कार्डाला काही कामच उरलं नाही.

पण विंडोजला मराठी येत नव्हतं. तिला फक्त इंग्रजी आणि युरोपातल्या काही भाषा कळत होत्या. मग आपल्या लोकांनी एक जुगाड केला. मी हा शब्द निंदेनं वापरत नाही, तो फार हुशार जुगाड होता. फाँटमध्ये २५६ घरं असतात, त्यातली सव्वादोनशेच्या आसपास वापरता येतात. त्या घरांतली इंग्रजी अक्षरांची चित्रं काढून टाकायची आणि तिथे मराठीचे तुकडे बसवायचे. अर्धा ल, काना, मात्रा, रफार, उकार. विंडोजला वाटतं इंग्रजी लिहिलंय. माणसाला दिसतं मराठी.

एक उदाहरण घेऊ. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना कृतीदेव फाँट माहीत असेल. त्यात 'कोल्हापूर' लिहिलं तर फाइलीत काय साठतं? स्मॉल डी, के, एस, मग कॅपिटल वाय, जी, के, आय, डब्ल्यू, जे. डी म्हणजे क. के म्हणजे काना, एस म्हणजे मात्रा, दोन्ही मिळून ओकार. कॅपिटल वाय म्हणजे अर्धा ल. फाँट काढून घेतला की कोल्हापूरचं 'डीकेएस' होतं. फाइलीत कोल्हापूर नव्हतंच कधी. होती ती त्याच्या चित्राची पाककृती.

यातून गमती व्हायच्या. 'शिवाजी' लिहायचं तर पहिली येते वेलांटी, तिची कळ एफ. मग अर्धा श, त्याची कळ इंग्रजीतली वरची स्वल्पविरामासारखी खूण. नंतर काना. आता वर्डमध्ये एक सोय होती, किंवा गैरसोय म्हणा. सरळ खूण टाइप केली की ते आपोआप वळणदार करायचं. वळणदार खुणेचं घर वेगळं. झालं, श च्या जागी भलतंच काही. तसंच वाक्याचं पहिलं अक्षर वर्ड आपोआप कॅपिटल करायचं, आणि या फाँटमध्ये स्मॉल वाय म्हणजे पूर्ण ल, कॅपिटल वाय म्हणजे अर्धा. म्हणून प्रत्येक डीटीपी ऑपरेटर नवं मशीन आलं की पहिल्यांदा ऑटोकरेक्ट बंद करायचा. नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली तर शिवाजी आणि किरण शेजारी शेजारी यायचे, कारण दोघांची सुरुवात एफनं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत चमत्कारिक वाटतं ते हे, की आपण पुढून मागे गेलो. १९८८ ची डॉसवरची इस्की फाइल आज सापडली, तर ती जवळजवळ जशीच्या तशी आजच्या मराठीत आणता येते, कारण तिच्यात अक्षरं आहेत. १९९८ ची सुंदर, रंगीत, विंडोजवरची फाइल आणता येत नाही, कारण तिच्यात चित्रांचे नंबर आहेत. नवं ते अधिक टिकाऊ, हा आपला समज इथे पार उलटा ठरतो.

बरं, सगळ्यांनी एकच नंबर वापरले असते तरी चाललं असतं. सी-डॅकनं फाँटच्या घरांसाठीही एक मांडणी ठरवली होती, इस्फॉक नावाची. तिच्यावर आयएसएम हे सॉफ्टवेअर चालायचं. सुरेख, योगेश ही त्यातल्या फाँटची नावं जुन्या लोकांच्या तोंडात अजून आहेत. पण श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, कृतीदेवची आणखी वेगळी. एकाच सॉफ्टवेअरच्या निरनिराळ्या फाँट-मालिकांतही फरक. एका दुकानात टाइप केलेलं पुस्तक दुसऱ्या दुकानात दुरुस्त होईना. गिऱ्हाईक आपोआप बांधलं गेलं. यात कंपन्यांचा कावा होता असं म्हणणारे आहेत. मला वाटतं निम्मं खरं आहे. घरं कमी होती, प्रत्येकाला आपलं जोडाक्षर अधिक देखणं काढायचं होतं, आणि काम कागदावर उमटलं की संपत होतं. फाइल पुढच्या पिढीला वाचता येईल का, हा प्रश्न विचारायला तेव्हा कुणाला सवड होती?

सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून लॉक असायचं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची वायर जिथे लागते, तिथे लावायचा छोटा ठोकळा. तो असेल तरच सॉफ्टवेअर चालणार. पुढे कॉम्प्युटरवरून ते पोर्टच नाहीसं झालं. पैसे देऊन रीतसर घेतलेलं सॉफ्टवेअर ठोकळ्यासकट कपाटात गेलं, आणि चोरून घेतलेलं चालत राहिलं. यावर मी काही बोलत नाही.

वेबसाइटची गोष्ट चटकन सांगतो. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली, ती प्रत्येक जण आपापला फाँट घेऊन. पान उघडलं की फाँट आपोआप उतरायचा, पण तो बहुतेक ठिकाणी विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येच. लिनक्सवाल्यांना कचरा, पुढे फायरफॉक्स आला त्यालाही कचरा. त्या काळातली साठवून ठेवलेली पानं आज उघडली तर बातमी आहे, तारीख आहे, आणि मजकूर मात्र इंग्रजी अक्षरांचा भडिमार.

दरम्यान जगात दुसरीकडे युनिकोड तयार होत होता. पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातला देवनागरीचा विभाग आपल्याच इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. म्हणजे कानपूर-पुण्यात झालेला विचार तिकडून फिरून आपल्याकडे आला. २००० साली विंडोज २००० आली आणि पहिल्यांदा विंडोजलाच मराठी कळू लागलं. तिच्यासोबत मंगल फाँट आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, छपाईत तो शोभत नाही हेही खरं. पण कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पहिलं खरं मराठी वाचलं ते त्याच अक्षरांत.

पुढची विंडोज एक्सपी. तिच्यात मराठी होतं, पण झोपलेलं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक चौकट टिक करायची, मग ती एक्सपीची सीडी मागायची. सीडी असायची दुकानदाराकडे. अनेकांच्या कॉम्प्युटरवर मराठी वर्षानुवर्षं झोपूनच राहिलं.

युनिकोडच्याही आवृत्त्या असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 'ॲक्ट'मधला ॲ घ्या. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे. दिसायला सारखं, आत वेगळं. नव्या पद्धतीनं शोधलं तर जुनं सापडत नाही. ज्याच्या मशीनवरचा फाँट जुना, त्याला नवा ॲ म्हणजे नुसता चौकोन. आणि काही नव्या मशीनवर जुन्या पद्धतीच्या अॅ मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घुसतं. कुणाचीच चूक नाही, दोघंही नियमानं वागतात.

आणि आपला खास मराठी र! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे सह्याद्रीतल्या. 'आचार्यांना' मानधन द्यायचं असतं आणि 'आचाऱ्यांना' मजुरी. हिंदीला हा फरक लागत नाही. त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरमधून जुनी मराठी फाइल काढली की निम्मे आचारी आचार्य होऊन बाहेर पडतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. २००० साली विंडोजला मराठी आलं. मग छापखान्यांनी लगेच युनिकोड का घेतला नाही? आळस म्हणून? नाही. पान लावायचं सॉफ्टवेअर तयार नव्हतं म्हणून. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ ची. तिला युनिकोड कधीच आला नाही आणि पुढे तिचं कामच बंद झालं. त्याच कंपनीच्या इनडिझाइनला भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट लावता येऊ लागली ती सीएस ६ या आवृत्तीत, २०१२ साली. म्हणजे बारा वर्षं! बारा वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम मराठी बोलत होती आणि तिच्यावर बसलेलं छपाईचं सॉफ्टवेअर मुकं होतं. लेखक युनिकोडमध्ये टाइप करून मेल करायचा, आणि दुकानात ते पुन्हा जुन्या फाँटमध्ये उतरवून घ्यायचे, कारण त्याशिवाय पान लागत नव्हतं. चांगलं मराठी घ्यायचं आणि मोडून टाकायचं, असा उलटा कारखाना. म्हणून आपल्या फाइलींचं नुकसान १९९० च्या दशकात थांबलं नाही, ते २०१२ च्या पुढेही चालू राहिलं.

आणि त्यातली मेख ऐका. जुनी पेजमेकरची फाइल थेट उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती कोणती? तीच, सीएस ६. २०१३ मध्ये त्यापुढची सीसी आली आणि तिनं पेजमेकरचं दार बंद केलं. एका बाजूला जुनी पेजमेकर, दुसऱ्या बाजूला खरं मराठी, आणि दोन्ही काठांना टेकलेला पूल हा एवढा एकच. तेव्हा तो कुणी ओळखला नाही. आज ती आवृत्ती विकतही मिळत नाही.

मागची दारंही एकेक करून लागत गेली. ६४-बिट विंडोजवर १६-बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. जानेवारी २०२३ पासून अडोबीच्या सॉफ्टवेअरनं जुने टाइप-वन फाँट घेणं बंद केलं. यातला एकही निर्णय मराठीच्या विरोधात घेतलेला नाही. घेणाऱ्यांना मराठी त्यात अडकलंय हे माहीतही नसणार.

लोक मला म्हणतात, आमच्याकडे पीडीएफ आहे, काळजी नाही. पीडीएफ दिसते छान, कारण फाँट तिच्या पोटात असतो. पण तिच्यातला एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. पुन्हा डी, के, एस. शोध घेता येत नाही, अंध वाचकाला मशीनकडून वाचून ऐकवता येत नाही, नवी आवृत्ती काढता येत नाही. ते छायाचित्र आहे, पुस्तक नाही. तरीही नसण्यापेक्षा बरं, हे मान्य.

सगळंच निराशेचं नाही. २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये मोडी आली. शाहूपुरीच्या जुन्या वह्यांतलं अक्षर आज संगणकाला स्वतंत्र लिपी म्हणून ओळखता येतं, आणि १९९८ ची स्मरणिका ओळखता येत नाही!

आता शेवटी इथे चिठ्ठ्यांवर आलेल्यांपैकी एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि थांबतो. प्रश्न असा : "आमच्या छापखान्यात एक्सपीचं एक मशीन पडून आहे, भंगारात द्यावं का?" देऊ नका. त्याला इंटरनेट लावू नका, पण एकदा चालू करून बघा. चालू झालं तर आधी फाँटचा फोल्डर संपूर्ण उतरवून घ्या; फाइली नंतर. फाँट असेल तर नंबरांवरून अक्षरं परत लावता येतात, फाँट नसेल तर कोड्यातला कागद उरतो. प्रत्येक फाइलीच्या नावाशेजारी तिचा फाँट आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा, साध्या वहीत लिहिली तरी चालेल. मग कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरनंतर मराठी जाणणारा मुद्रितशोधक, आचाऱ्यांसाठी. जी पुस्तकं पुन्हा काढायची आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा, सगळं एकदम होणार नाही. आणि त्या मशीनच्या मागे लॉकचा ठोकळा असेल, तर तो पुसताना काढून ठेवू नका. काढलाच तर कुठल्या डब्यात ठेवला ते त्या डब्यावर लिहा.